डाव्या कानाची बाजू

कॅप्टननी बायकोची डावी सँडल उताणी केली, तळ ब्रशने झटकला आणि बक्कलात अडकलेला एक तपकिरी धागा चिमटीत धरून उजेडाकडे नेला. खासदारांच्या निवासी इमारतीच्या त्या बाल्कनीत सकाळचं ऊन नुकतंच येऊन टेकलं होतं. समोर जुनं वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर पॉलिशची डबी, आणि शेजारी त्यांचे बूट कवायतीला उभे असल्यासारखे टाचा जुळवून. धागा चरबरीत होता. काथ्याचा. काल एक होता, परवा दोन होते.

कॅप्टननी तो बंडीच्या खिशात टाकला. वकिलाने पुरावा कधी फेकू नये.

फौजेतून परतल्यापासून रोज सकाळी आपले बूट आपण पॉलिश करायचे हा त्यांचा नेम. एका घरात राहणाऱ्या माणसाची पादत्राणं तेवढी मळकी का राहावीत, म्हणून बाईंच्या सँडलही त्या नेमात आल्या. बाईंनी आधी लाजून विरोध केला. मग ही गोष्ट सहज म्हणून शेजारणींच्या कानावर घातली. शेजारणींचे चेहरे पाहिल्यावर विरोध कायमचा मागे घेतला.

आता पादत्राणं म्हणजे माणसाची रोजनिशीच. बाई शाळेत गणित शिकवायच्या तेव्हा खडूची भुकटी यायची; लेकीच्या बाळंतपणात दवाखान्याच्या फिनेलचा वास आला. सगळं जग त्यांना ‘बाई’ म्हणे ते त्या शाळेमुळे, आणि शाळा सुटली तरी हाक सुटली नव्हती. गेली दोन वर्षं मात्र सँडलना हा काथ्या लागत होता, आणि तोही फक्त अधिवेशन चालू असताना. म्हणजे नवरा दिवसभर घरी नसताना. कॅप्टननी बरेच दिवस विचार करून निष्कर्ष काढला होता. काथ्या असतो रोपवाटिकेत. कुंड्यांच्या बुडाशी घालतात. बसथांब्याच्या कोपऱ्यावर एक रोपवाटिका होती. बाई नवऱ्याच्या नकळत तिथे जाऊन रोपं बघत उभ्या राहत होत्या. का? तर त्यांना आपल्या गावच्या घराची ओढ लागली होती. घरामागे विहीर होती, विहिरीमागे मोकळी जागा होती आणि त्या जागेला बाईंची वाट बघण्याखेरीज दुसरा उद्योग नव्हता.

बाल्कनीच्या कोपऱ्यात एक कुंडी होती. तिच्यात एक वाळकी काडी उभी होती. परक्या मातीत हिचं मन रमत नाही, हे त्या काडीवरून कॅप्टननी ताडलं होतं. मोठा वकील तोच, ज्याला प्रत्येक पुरावा आपल्याच बाजूचा दिसतो.

“चहा निवतोय,” आतून आवाज आला.

“आलो, आलो.”

टेबलापाशी बाई टोस्टला लोणी लावत होत्या. कॅप्टन त्यांच्या डाव्या हाताला बसले, म्हणजे बाई आपोआप त्यांच्या उजव्या कानाकडे आल्या. डाव्या कानाजवळ लढाईत तोफगोळा फुटला होता, तेव्हापासून तो कान नुसता शोभेला होता. घरात, रस्त्यात, लग्नसमारंभाच्या फोटोत, बाई नेहमी उजवीकडे. आता त्याचा विचारही कोणी करत नसे.

“आज कुठे जाणार आहेस का?” कॅप्टननी कपात बघत विचारलं.

“मी कुठे जाणार? आहे घरीच.”

“बाहेर ऊन छान आहे. एखादी चक्कर...”

“गुडघे दुखतात हो माझे. तुम्ही टोस्ट खा.”

साक्षीदार धडधडीत खोटं बोलत होता. खिशातला काथ्या कॅप्टनना गुदगुल्या करत होता. चारचौघांसारखा नवरा अशा वेळी चिडला असता. कॅप्टनना मात्र बायकोचं कौतुक वाटलं. नवऱ्याच्या कामात आपल्या हौसेचा अडथळा नको म्हणून ही बाई लपूनछपून झाडं बघते आणि घरी येऊन गुडघे दुखतात म्हणते. त्यांनी टोस्टचा मोठा घास घेतला, म्हणजे बोलावं लागू नये.

पुढचा प्रश्न विचारायचा प्रश्नच नव्हता. वकिलीच्या पहिल्याच वर्षी ज्येष्ठ वकिलांनी त्यांच्या डोक्यात एक नियम ठोकून बसवला होता. साक्षीदाराला असा प्रश्न कधी विचारू नकोस, ज्याचं उत्तर तुला आधीच ठाऊक नाही. कोर्टात या नियमाने त्यांनी मोठमोठे खटले जिंकले. मग तो कोटाच्या खिशातून घरी कधी आला ते समजलंच नाही. चहाचा वास आल्यावर ते विचारत, “चहा झाला का?” लेकीचा आवाज फोनवर ऐकू आल्यावर विचारत, “पोरीचा फोन का?” अशा रीतीने त्यांचा संसार आजवर एकही प्रश्न न चुकता चालला होता.

“आज विधेयकाचं तिसरं वाचन ना?” बाईंनी विचारलं.

“हो, शेवटचं. आज सुटेल बहुतेक.”

“आणि त्या प्रतोदांना काय सांगणार? परत उभे राहणार म्हणून?”

“बघू,” कॅप्टन म्हणाले आणि मिशीत हसले. प्रतोद म्हणजे पक्षाचा तो माणूस, ज्याचं काम सभासदांना हाकून मतदानाला आणायचं. गेला आठवडाभर तो त्यांच्या मागे होता. पुढची निवडणूक लढवणार की नाही, आज संध्याकाळपर्यंत सांगा. कॅप्टनचं उत्तर ठरलेलं होतं. नाही. आज विधेयक मंजूर होईल, ते प्रतोदाला नाही म्हणतील, घरी येतील आणि बायकोला म्हणतील, चल, सामान बांध. गावी मेहुण्याला सांगून विहिरीतला गाळही काढून घेतला होता. मागच्या जागेत वाफे खणून तयार होते.

बाई टोस्टच्या कडा कापत राहिल्या. त्यांनीही पुढे काही विचारलं नाही.

खाली गाडीपाशी हवालदार उभा होता. तो आता हवालदार नव्हता आणि कॅप्टन आता कॅप्टन नव्हते, पण दोघांनी एकमेकांना कमी दर्जावर आणायचं नाकारलं होतं. खंदकात तो त्यांच्या डाव्या बाजूला होता. गोळा फुटला तेव्हा कॅप्टनना ओढून बाजूला काढलं त्याने. त्याच महिन्यात इकडे त्याच्या चुलतभावाने त्याच्या घरावर दावा लावला होता. तारखेला हवालदार सरहद्दीवर होता. दुसरी तारीख पडली, तेव्हाही तो तिथेच होता, कारण शत्रूने तारीख बघून गोळीबार थांबवला नाही. कोर्टाने त्याच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा दिला. पलटण परत आली तेव्हा त्याच्या घराला दुसऱ्याचं कुलूप होतं. कॅप्टन वरच्या कोर्टापर्यंत लढले आणि हरले. आयुष्यात त्यांनी हरलेले खटले पुष्कळ होते. हा त्यांनी सोडला नाही, एवढंच. सरहद्दीवर असलेल्या शिपायाविरुद्ध, त्याला विचारल्याशिवाय, कोणत्याही कोर्टाने निकाल देऊ नये. एवढ्या एका वाक्याच्या कायद्यासाठी ते निवडणुकीला उभे राहिले होते. ते वाक्य सभागृहातून पार पडायला त्यांचे केस जायची वेळ आली.

“काय हवालदार, बाई हल्ली बाहेर जातात का रे?” गाडी फाटकाबाहेर पडल्यावर कॅप्टननी विचारलं.

हवालदाराने आरसा नीट केला. तो आधीच नीट होता.

“मला कल्पना नाही साहेब.”

“तुला सगळ्या जगाची कल्पना असते.”

“वरून हुकूम आहे साहेब, बोलायचं नाही.”

“वरून म्हणजे? मी कॅप्टन आहे!”

“तेच म्हणतो मी. वरून.”

कॅप्टन खूश होऊन मागे रेलले. रोपवाटिकेची खात्री पटली.

सभागृहात त्यांची जागा मधल्या ओळीत, कडेला. डावीकडे विरोधक, त्यांच्या डोक्यावर प्रेक्षकांची गॅलरी. विरोधक नेमके डाव्या कानाला आले ही ते ईश्वराची कृपा मानत. विरोधकही त्यांना मानत; कॅप्टन कुणाच्या आरडाओरडीने विचलित होत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. फौजेत त्यांना ‘वकील’ म्हणत, कोर्टात ‘कॅप्टन’, आणि सभागृहात मुद्दा पटला नाही तर वकील, आवाज चढला तर कॅप्टन.

दुपारी ते बोलायला उठले. गॅलरीकडे पाहून बोलू नये असा सभागृहाचा नियम आहे. तो बहुतेक सभासद मोडतात, कारण मतदार तिथेच बसलेले असतात. कॅप्टन नियम पाळत. अध्यक्षांकडे तोंड, हात मागे, एवढ्या वर्षांत मान एकदाही वर गेली नव्हती.

“अध्यक्ष महोदय, घरापासून लांब असलेला माणूस काही मुद्दाम गैरहजर नसतो. त्याला दुसरीकडे हजर राहायला सांगितलेलं असतं,” ते म्हणाले. “त्याच्या घराबद्दल आपण काय ठरवायचं ते ठरवा. कदाचित योग्यच ठरवाल. कदाचित त्याच्या भल्याचंच ठरवाल. पण त्याला विचारल्याशिवाय ठरवू नका. चांगला निकालसुद्धा विचारल्याशिवाय दिला, तर तो निकाल नाही, अध्यक्ष महोदय. ती कुणीतरी परस्पर लावलेली विल्हेवाट आहे.”

त्यांनी पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं. हवालदाराच्या घराला लागलेलं कुलूप कसं होतं तेही सांगायचं होतं. पण कुलपापाशी आल्यावर आवाज थोडा हलला, म्हणून त्यांनी “विचारल्याशिवाय नको” एवढं पुन्हा एकदा सांगितलं आणि खाली बसले. आवाजी मतदान झालं. “नाही” म्हणणारा एकच आवाज आला, तोही डाव्या बाजूने, त्यामुळे कॅप्टनच्या हिशेबी विधेयक एकमताने मंजूर झालं. बाकं वाजली. पलीकडच्या एका विरोधकाने उठून हात मिळवला आणि अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारला, बंदरातल्या गाळाविषयी निवेदन. सभागृह भराभर रिकामं होऊ लागलं.

लॉबीत प्रतोद टपलेलाच होता. जाडजूड, घामेजलेला, दोन्ही हातांत दोन फोन.

“अभिनंदन कॅप्टन! आता बोला. हो का नाही?”

कॅप्टननी घसा साफ केला. हे वाक्य त्यांनी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं.

“तुम्हाला सांगायचं म्हणजे...”

“एक मिनिट,” प्रतोदाने एक फोन कानाला लावला, ऐकला, खाली घेतला. “वर गॅलरीत तुमच्या पलटणीतले म्हातारे आलेत म्हणे. जिन्यावर तुमची वाट बघतायत. आधी भेटून या. फोटो काढून घेऊ. तुमचं उत्तर काय पळून जात नाही.”

“लिफ्ट?”

“गॅलरीला लिफ्ट कशी असेल? तिथे फक्त जनता जाते.”

कॅप्टन जिना चढले. इतक्या वर्षांत ते तिथे कधी गेले नव्हते; कुठलाच सभासद जात नाही. खाली उंची गालिचा, पितळी कठडे; पहिल्या वळणानंतर गालिचा संपला, कठडा लोखंडी झाला. वरच्या चौकात पलटणीतले चार म्हातारे काठ्या सावरत उभे होते. त्यांनी सलाम ठोकला, कॅप्टननी ठोकला, एकाने “वकील, शेवटी जिंकलास रे” म्हणून त्यांच्या पाठीत धपाटा घातला. फोटो झाला. म्हातारे एकमेकांना धरून उतरायला लागले. कॅप्टनही वळले आणि सवयीने बुटांकडे पाहिलं.

चकचकीत काळ्या टोकावर एक तपकिरी धागा चिकटला होता.

ते वाकले. चिमटीत धरला. चरबरीत. मग त्यांनी पायाखाली पाहिलं. चौकापासून गॅलरीच्या दारातून आत, पायऱ्यापायऱ्यांनी खाली, सगळीकडे काथ्याची चटई होती. जुनी, कडांना उसवलेली. कॅप्टननी बंडीच्या खिशातून सकाळचा धागा काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले. कोर्टात या क्षणी प्रतिपक्षाचा वकील उठून म्हणाला असता, आम्हाला आणखी काही विचारायचं नाही.

ते दारातून आत गेले.

गॅलरी जवळजवळ रिकामी होती. गाळाविषयीचं निवेदन ऐकायला फक्त एक झोपलेले गृहस्थ राहिले होते. आणि अगदी कडेला, एका जाड खांबाला खेटून, एक पाय दुमडून, दुसरी सँडल काढून ठेवून, बाई बसल्या होत्या. मांडीवर पर्स. त्या खाली कुठेतरी टक लावून बघत होत्या. कॅप्टननी त्यांच्या नजरेच्या दिशेने पाहिलं तर मध्ये खांबच आला.

“अगं...” ते म्हणाले.

दारावरच्या रक्षकाने ओठांवर बोट ठेवलं. मग भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवलं. बोलू नये, हसू नये, टाळ्या वाजवू नयेत, वाचू नये, विणू नये. कॅप्टननी फलक वाचला. ज्या सभागृहात बोलण्यासाठी त्यांना जनतेने पाठवलं होतं, तिथेच जनतेला असं गप्प बसवतात हे त्यांच्या प्रथमच लक्षात आलं.

बाईंनी वळून पाहिलं. दचकल्या नाहीत. शाळेत निरीक्षक अचानक वर्गात आले तर बाई जशा बघत असतील तसं त्यांनी पाहिलं, सावकाश पाय खाली घेतला, सँडल चाचपून घातली. मग क्षणभर विचार करून त्या आपल्या खुर्चीवरून उठल्या आणि शेजारच्या खुर्चीवर सरकल्या. खांबाजवळची जागा त्यांनी नवऱ्यासाठी रिकामी केली. म्हणजे त्या त्यांच्या उजव्या कानाला आल्या असत्या.

कॅप्टन त्यांच्या जागेवर बसले. खुर्ची अजून ऊबदार होती.

तिथून काहीच दिसत नव्हतं. खांबाने अर्ध्याहून जास्त सभागृह गिळलं होतं. अध्यक्ष दिसत नव्हते, मंत्री दिसत नव्हते, गाळाविषयी बोलणारा माणूस तर नुसता आवाज होता. या खुर्चीवर कोणी का बसत नसावं ते सांगायला नको होतं. फक्त खांब आणि कठडा यांच्यामधल्या फटीतून, हातभर रुंदीत, खालचं एक बाक दिसत होतं. मधल्या ओळीतलं, कडेचं. त्यावर कॅप्टनचा चष्म्याचा डबा विसरला होता.

ते बाक बघत बसले. शेजारी बाई पुढे बघत होत्या; तिथून त्यांना आता खांबाचा चुना तेवढा दिसत असणार. कॅप्टननी तोंड उघडलं, रक्षकाकडे पाहिलं आणि मिटलं. गाळ बराच होता. निवेदन संपता संपेना. ज्या माणसाला अध्यक्षांनी घंटा वाजवल्याशिवाय एरवी थांबता येत नसे, तो माणूस बायकोच्या शेजारी हात मांडीवर ठेवून चांगला पाव तास गप्प बसला. मध्ये एकदा बाईंनी न बघताच त्यांच्या बुटाकडे हात नेला आणि टोकावरचा आणखी एक धागा काढून टाकला.

निवेदन संपल्यावर दोघं जिन्यात आली.

“भाषण छान झालं,” बाई म्हणाल्या. “‘विचारल्याशिवाय’ तेवढं दोनदा आलं.”

“तू म्हणे घरी होतीस.”

“आणि तुम्ही म्हणे वर कधी बघत नाही.”

“किती दिवस?”

“नोकरी सुटल्यापासून. इकडे राहायला आले तेव्हापासून. बसने येते. हवालदाराला काही बोलू नका, मीच त्याला शपथ घातलीये.”

“पण सभासदांच्या घरच्यांसाठी वेगळी गॅलरी आहे. मऊ खुर्च्या आहेत तिथे.”

“गेले होते एकदा. तिथे नवऱ्याचं भाषण कोणी ऐकत नाही हो. एकमेकींच्या नवऱ्यांबद्दल ऐकावं लागतं.” बाईंनी कठडा धरला आणि एक पायरी उतरल्या. “आणि तुम्हाला मी दिसले असते.”

“मग काय झालं असतं?”

“लग्न झालं तेव्हा एकदा कोर्टात आले होते मी. नवी साडी नेसून. मागच्या बाकावर. तुम्ही मला पाहिलंत आणि कलम विसरलात. अशील बिचारा तुमच्याकडे बघतोय, तुम्ही माझ्याकडे. हरलात. घरी येऊन म्हणालात, बाईसाहेब, आता तुम्ही कोर्टात येऊ नका, नाहीतर उपाशी मरू.”

“मी थट्टेने म्हणालो असेन.”

“असाल. मी मात्र मनावर घेतलं.”

कॅप्टननी खिशातला धागा बोटांत फिरवला. “मला वाटलं तू रोपवाटिकेत जातेस.”

“कुठे?”

“त्या कोपऱ्यावरच्या. काथ्या होता ना सँडलला. मी म्हटलं, हिला झाडं लावायचीत. गावी जायचंय. मी तुझ्या भावाला सांगून वाफे खणून घेतलेत. विहिरीतला गाळ काढलाय.”

बाई थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं सबंध फळा भरून चुकीचं गणित सोडवलेल्या हुशार मुलाकडे बघतात.

“अहो, माझ्या हातून निवडुंगसुद्धा जगत नाही. ती बाल्कनीतली काडी काय आहे असं वाटलं तुम्हाला?”

काडी पुराव्यातून बाद झाली होती.

“आणि मी इथे का येते म्हणाल,” बाई पुन्हा उतरायला लागल्या, “तर घरी तुम्ही बोलत नाही. चहा झाला का, झाला. फोन कुणाचा, पोरीचा. संपलं. इथे अर्धा-अर्धा तास बोलता. कधी चिडता, कधी मजेशीर बोलता. आज कुलपापाशी थांबलात. मला कळलं का थांबलात.” मग त्यांच्या डोक्याकडे बघत म्हणाल्या, “टक्कल मात्र वाढलंय हं. वरून फार नीट दिसतं.”

खालून प्रतोदाचा आवाज आला. “कॅप्टन! अहो कॅप्टन! मला वर कळवायचंय!”

जिन्याच्या त्या वळणावर, जिथे काथ्या संपून गालिचा सुरू होत होता, कॅप्टन उभे राहिले. सकाळपासून त्यांच्या खिशात एक निकाल तयार होता. सही-शिक्क्यानिशी, बाईंच्या भल्याचा. पण आता साक्षीदार समोर होता आणि उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं. अशा वेळी ज्येष्ठ काय करायला सांगत असत तेही आठवेना.

“अगं,” ते म्हणाले, “मी परत उभा राहू का?”

बाईंनी कठड्यावरचा हात काढला.

“मला विचारताय?”

“हो.”

“खरंच विचारताय? का तुम्हाला ठाऊक आहे मी काय म्हणणार ते?”

“नाही ठाऊक.”

बाईंनी पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग पुन्हा पहिल्या हातात घेतली.

“राहा म्हटलं तर?”

“राहीन.”

“नको म्हटलं तर?”

“आपण जाऊ. वाफ्यांत लावू काहीतरी. न मरणारं.”

“आणि मी लगेच काहीच म्हटलं नाही तर?”

“तर थांबेन.”

बाईंनी पदराने नाक पुसलं आणि वकिलाच्या बायकोला शोभेलशा सुरात म्हणाल्या, “मुदत हवी मला. पुढची तारीख द्या.”

खाली प्रतोद दोन्ही फोन छातीशी धरून उभा होता. त्याने आधी कॅप्टनकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि कुणाचं अभिनंदन करावं ते न कळून दोघांनाही नमस्कार केला.

“मग? हो का नाही?”

“सुनावणी चालू आहे,” कॅप्टन म्हणाले.

“म्हणजे? कुणापुढे?”

कॅप्टननी बाईंना पुढे जायला वाट करून दिली. प्रतोद मागून “अहो, पण संध्याकाळपर्यंत!” असं काहीतरी म्हणाला असावा, पण तो डावीकडून बोलत होता.

फाटकाबाहेर हवालदार गाडीला टेकून उभा होता. दोघांना बरोबर येताना पाहून तो ताठ झाला आणि गुपित फुटल्याचं पाहून त्याने आकाशाकडे बघितलं.

“मंजूर झालं रे,” कॅप्टन त्याला म्हणाले.

हवालदाराने मान हलवली. दार उघडलं. बराच वेळ ते धरूनच उभा राहिला.

“बरं झालं साहेब,” तो म्हणाला. “पुढच्या पोरांना बरं झालं.”

“बस आत, हवालदार,” बाई म्हणाल्या. “ऊन लागतंय तुला.”

गाडी निघाली. कॅप्टन डावीकडे, बाई उजवीकडे, नेहमीसारख्या. रस्ता रहदारीने भरला होता.

“आणखी काही विचारायचंय का?” बाईंनी खिडकीबाहेर बघत विचारलं.

हजार साक्षीदार उलटेपालटे केलेल्या कॅप्टनना दुसरा प्रश्न सुचेना. त्यांनी खिशात हात घातला. धागा तिथे होता, पण आता त्यातून काही सिद्ध होत नव्हतं. ते अंग वळवून बसले, उजवा कान पूर्ण बाईंकडे आला.

“मी बोलत नसतो तेव्हा,” त्यांनी चाचपडत विचारलं, “दुसरे कोणी बोलत असतात तेव्हा, तू तिथे बसून काय करतेस?”

बाई हसल्या. मग हसणं आवरून त्यांनी पदर सारखा केला, पर्स बाजूला ठेवली. मोठा धडा सुरू करताना त्या असंच करत.

“बघा, म्हणजे मुळातून सांगायला लागेल,” त्या म्हणाल्या. “वेळ आहे ना?”

हवालदाराला कुणी काही सांगितलं नव्हतं. निवासाकडे जाणाऱ्या वळणावर त्याने आरशात एकदा पाहिलं आणि गाडी सरळ पुढे घेतली, लांबच्या रस्त्याने.